दरमहा हजार रुपये म्हणजे तीन लाख

"किती पैसे साठले की नोकरी सोडता येईल?"

हल्ली हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उत्तरंही ठरलेली. कोणी म्हणतं दोन कोटी, कोणी पाच, एखादा पंचविशीतला पोरगा मोबाइलवर एक्सेल उघडून थेट बारा कोटी चाळीस लाख सांगतो. आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा थोडा पडतो, कारण आपला आकडा त्याच्या आसपासही नसतो.

मी मानपाड्यात राहतो. ठाण्याच्या, घोडबंदर रोडवरच्या. हे सांगावं लागतं, कारण डोंबिवलीकरांचा मानपाडा वेगळा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. माझं लहानपण त्या मानपाडा रोडवर गेलं, संसार या मानपाड्यात झाला. दोन्हीकडची माणसं साधारण एकाच जातकुळीची: नोकरदार, ईएमआयवाली, दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवणारी. या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून थोडा हिशेब मांडतो. मला जे म्हणायचंय ते त्या हिशेबातूनच निघतं.

आधी तो प्रसिद्ध नियम. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर बाजाराचा आणि महागाईचा जुना इतिहास तपासून असं मांडलं, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतले साधारण ४ टक्के काढा, पुढे दरवर्षी महागाईइतकी रक्कम वाढवा, तर पैसे ३० वर्षं पुरतात. नंतर त्यांनी स्वतःच हा टक्का थोडा वर नेला, पण जगभर गाजला तो चारचाच नियम. उलटा करून वाचला तर: वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसे हवेत. महिना ५०,००० खर्च असेल तर वर्षाचे ६ लाख, म्हणजे दीड कोटी.

आता हा नियम अमेरिकेच्या आकड्यांवरचा आहे आणि ३० वर्षांसाठीचा आहे. आपली महागाई तिथल्यापेक्षा जास्त राहिलेली आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडलीत तर ४०-४५ वर्षांची सोय लागेल. म्हणून इथले बरेच जाणकार ३० किंवा ३३ पट धरा म्हणतात. पण आपण सोपा हिशेब धरू, २५ पटच. म्हणजे दरमहाच्या खर्चाला ३०० ने गुणायचं.

याचा अर्थ, तुमच्या महिन्याच्या खर्चातल्या प्रत्येक हजार रुपयांमागे तुम्हाला तीन लाख साठवावे लागणार.

हे एक वाक्य नीट लक्षात ठेवा. आपण सगळे "जास्त कसं कमवू, कुठली एसआयपी लावू" या बाजूने डोकं खाजवतो. दुसऱ्या बाजूला, म्हणजे खर्च येतो कुठून आणि तो खरंच मी निवडलेला आहे का, तिकडे कोणी बघत नाही. बघितलं तरी "बाहेर खाणं कमी करा, कॉफी सोडा" एवढाच उपदेश.

मी आमच्या घरचं बघितलं. पिक्चर, हॉटेल, फिरणं सगळं बाजूला ठेवलं. फक्त असे खर्च काढले, जे मी हौसेनं करत नाही, कोणीतरी आपलं काम केलं नाही म्हणून करतो. नोकरीचा प्रवासही धरला नाही, कारण नोकरी सोडल्यावर तो नसेल.

एक, रिक्षा आणि कॅब. बँक, दवाखाना, बाजार, ठाणे स्टेशन. बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये म्हाताऱ्या माणसाला उभ्यानं नेता येत नाही. महिना २,५०० रुपये. म्हणजे साडेसात लाख.

दोन, पाण्याच्या टँकरचा आमच्या वाट्याचा हिस्सा. वर्षाची सरासरी काढली तर महिना ६०० रुपये. म्हणजे १ लाख ८० हजार.

तीन, आरोग्य विम्याचे हप्ते आणि विम्यात न बसणाऱ्या डॉक्टर-तपासण्या. महिना ६,००० रुपये. म्हणजे १८ लाख.

बेरीज केली. ९,१०० रुपये महिना. गुणिले ३०० म्हणजे २७ लाख ३० हजार.

सव्वासत्तावीस लाख! महिन्याला दहा हजार बाजूला टाकणाऱ्या माणसाला व्याज सोडलं तर ही रक्कम जमवायला बावीस-तेवीस वर्षं लागतील. एवढी वर्षं तो कशासाठी राबणार? चैनीसाठी तर नाहीच. बस नीट नाही, नळाला पाणी पुरेसं नाही आणि सरकारी दवाखान्यावर विश्वास नाही म्हणून.

पाण्याचं तर किती सांगावं. घोडबंदर पट्ट्यातल्या पाणीटंचाईमुळे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या नव्या बांधकामांवर काही काळ निर्बंध आणले होते. त्यानंतर या रस्त्यावर किती टॉवर उभे राहिले ते खिडकीतून मोजता येतात. तिकडे डोंबिवलीच्या बाजूची २७ गावं २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. तिथल्या बायकांना विचारा, पालिका आधी आली की पाणी आधी आलं. शिवाय ठाण्यात मार्च २०२२ पासून आणि कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. तक्रार करायची तरी कोणाच्या दारात जाऊन?

दवाखान्याचा मुद्दा याहून गंभीर आहे, कारण "पुरेसे पैसे" हा आकडा सतत पुढे पळतो तो त्याच्यामुळे. किराणा किती लागेल ते माहीत असतं. भाडं माहीत असतं. आजाराला मात्र वरची मर्यादा नाही. दोन कोटी साठलेला माणूसही रात्री दोनला उठून विचार करतो, महिनाभर आयसीयू लागला तर? मग तो म्हणतो, अजून तीन वर्षं नोकरी करू. तीन वर्षांनी परत तेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. पाचशे खाटांचं रुग्णालय. ठाणे शहरच काय, शहापूर-मुरबाडपासूनचे गरीब रुग्ण तिथे येतात. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या तीन-चार जणांनी विम्याचं कव्हर वाढवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण घडलं काय बघा: एक सार्वजनिक रुग्णालय कोलमडलं, आणि त्याचा बोजा शेकडो घरांच्या मासिक खर्चात जाऊन बसला. कायमचा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली घेण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. चांगलंच झालं. पण कार्ड हातात असणं वेगळं आणि रात्री अकरा वाजता आपल्या भागात यादीतलं रुग्णालय सापडणं वेगळं.

आता थोडं मागे जाऊ. आमच्या वडिलांच्या पिढीला हा आकडा का माहीत नव्हता? ते काही फार हुशार गुंतवणूकदार नव्हते. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, पोखरण रोडवरचे कारखाने, रेल्वे, पोस्ट, बँका. पगार बेताचे. पण १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं, म्हणजे सहा वर्षांत पैसे दुप्पट. एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे, दुप्पट व्हायला दहा वर्षं. अर्थात तेव्हा महागाईही जास्त होती हे विसरायला नको. खरा फरक पेन्शनचा होता.

समजा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला जुन्या पद्धतीची ४०,००० रुपये पेन्शन आहे, महागाईबरोबर वाढणारी. आपल्या हिशेबानं ती १ कोटी २० लाखांच्या पुंजीबरोबर आहे. त्याच्या पासबुकात पाच लाख असतील, पण तो दीड कोटीवाल्याइतकाच निवांत झोपतो. म्हणूनच मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची ती पेन्शन गेली होती. "यांना काय, फुकट पाहिजे" असं तेव्हा आपल्यातलेच बरेच जण म्हणाले. ते कर्मचारी खरं तर तेच मागत होते जे आपण एक्सेलमध्ये शोधतो. पुढे २०२४ मध्ये केंद्रानं आणि राज्यानं युनिफाइड पेन्शनचा मधला मार्ग काढला. २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं.

आणि खासगीवाले? ईपीएस-९५. नियमित हिशेब असा: १५,००० रुपये पगाराची कमाल मर्यादा, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं घासली तर महिना साडेसात हजार. त्यात महागाई भत्ता नाही, म्हणजे दहा-बारा वर्षांत त्याची किंमत निम्म्यावर. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. एक हजार! घोडबंदरवरून कल्याणला कॅबनं दोनदा जाऊन आलं की संपले. बुलढाण्यात हे पेन्शनधारक वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसले. आपल्यातल्या किती जणांनी ती बातमी शेवटपर्यंत वाचली?

यावर हमखास येणारी प्रतिक्रिया मला माहीत आहे. "सरकारच्या भरवशावर कशाला राहायचं? एसआयपी करा, स्वतःच्या पायावर उभे राहा."

एसआयपी जरूर करा. मीही करतो. पण एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. मी किती वर्षं जगणार हे मला माहीत नाही. एकट्यानं सोय करायची तर मला पंच्याण्णव वर्षांपर्यंतची करावी लागते. न जाणो, जगलो तर. आजाराचंही तसंच, सगळ्यात वाईट शक्यता धरावी लागते. पण एक लाख लोकांनी एकत्र सोय केली तर सरासरी वयाची आणि सरासरी आजाराची केली की भागतं. पेन्शन, सार्वजनिक रुग्णालय, विमा यांचं गणित एवढंच आहे. एकट्यानं केलेलं स्वातंत्र्य हे सगळ्यात महागडं स्वातंत्र्य आहे.

शिवाय साठवलेलं सुरक्षित असतं का? २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं पीएमसी बँकेवर निर्बंध आणले, सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्यांचा "आकडा" पूर्ण झालेला होता असे निवृत्त लोक रस्त्यावर रडताना आपण टीव्हीवर बघितले. ठेव विम्याची मर्यादा १ लाखाची ५ लाख झाली ती त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये. त्याच २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातली दुकानं अचानक बंद झाली आणि सोन्याच्या भिशीत महिन्याला थोडे थोडे भरणारी माणसं पोलीस ठाण्याबाहेर जमली. म्हणजे देखरेख करणारी सार्वजनिक यंत्रणा ढिली पडली, तर स्वतःच्या पायावर उभं राहिलेला माणूसही आडवा होतो.

आणि ज्यांच्याकडे आकडाच नाही त्यांचं काय? आमच्या टॉवरमध्ये सकाळी सहापासून घरकामाला येणाऱ्या बायका, बारा-बारा तास गेटवर बसणारे वॉचमन. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी विचारलं, मंडळात नाव आहे का. त्या म्हणाल्या, "कसलं मंडळ? गणपतीचं?" त्यांच्या हातात दरमहा येणारे लाडकी बहीणचे १,५०० रुपये आपल्या हिशेबानं साडेचार लाखांच्या पुंजीइतके आहेत. योजनेवर टीका करायला जागा भरपूर आहे. ती निवडणुकीच्या तोंडावर आली, तिजोरीला जड जाते, निकष बदलत राहतात, सगळं खरं. पण त्या मावशींनी एका घरचं काम, जिथे अपमान व्हायचा तिथलं, त्या पैशांच्या जोरावर सोडलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मला वाटतं आर्थिक स्वातंत्र्याची खरी व्याख्या इथेच सापडते. कायमची नोकरी सोडता येणं ही फार पुढची गोष्ट. आधी "नाही" म्हणता यायला हवं. रविवारी बोलावलं तर नाही. पगार न वाढवता दोघांचं काम गळ्यात घातलं तर नाही. त्यासाठी पाच कोटी लागत नाहीत. सहा महिन्यांचा, जमलं तर वर्षभराचा खर्च हाताशी आणि डोक्यावर महागडं कर्ज नसणं, एवढ्यानं माणसाचा आवाज बदलतो. ५०,००० खर्चाच्या घराला तीन ते सहा लाख. अवघड आहे, पण दिसण्याइतपत जवळ आहे. म्हणून तरुण मित्रांना सांगणं: बारा कोटी चाळीस लाखांचं एक्सेल बंद करा आणि आधी हे सहा महिने पूर्ण करा.

"नाही" म्हणण्याची ताकदही एकट्याची नसते, हे या भागाला नव्यानं सांगायची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांच्याकडे कुठली पुंजी होती? गावाकडून येणारं तांदळाचं पोतं, चाळीतला उधारी देणारा वाणी, खानावळवाली बाई. त्यावर ते महिनोन्‌महिने टिकले. संप हरला, गिरण्या गेल्या, कित्येक घरं उद्ध्वस्त झाली, त्याचं उदात्तीकरण मला करायचं नाही. पण एवढी माणसं इतके दिवस उभी राहिली ती बँक बॅलन्सवर नव्हे. आज आपल्यामागे ना ते गाव उरलं, ना ती चाळ. टॉवरमध्ये शेजारच्याचं आडनाव माहीत नसतं. त्या सगळ्याची किंमत आपण रुपयांत भरतोय, आणि म्हणून आकडा एवढा मोठा झालाय.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "किती पैसे लागतील" विचारलं, तर मी दोन आकडे सांगणार आहे. एक, सहा महिन्यांचा खर्च. तो तुमचा तुम्ही जमवा, त्याला पर्याय नाही. दुसरा, खर्च गुणिले ३००. तो कमी करण्याचा अर्धा मार्ग तुमच्या हातात आहे आणि अर्धा महापालिकेच्या, मंत्रालयाच्या, दिल्लीच्या.

तिथे काय मागायचं तेही अवघड नाही. पाण्याची सोय दाखवल्याशिवाय नव्या टॉवरला वापर परवाना नको. मानपाडा ते ठाणे स्टेशन आणि मानपाडा ते डोंबिवली स्टेशन, दोन्हीकडे रात्री अकरापर्यंत ठरलेल्या वेळी बस. कळव्याच्या आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात पुरेसे डॉक्टर. ईपीएसची किमान पेन्शन महागाईला जोडलेली. घरेलू कामगार मंडळ कागदावरून जमिनीवर.

यातलं प्रत्येक काम झालं की तुमच्या-माझ्या महिन्याच्या खर्चातून काही शे, काही हजार रुपये गळतील. आणि दर हजारामागे तीन लाख, हे विसरू नका. नगरसेवक मत मागायला दारात येतो तेव्हा तो तुमच्या निवृत्तीबद्दलच बोलायला आलेला असतो. त्याला ते माहीत नसेल, आपल्याला तरी असावं.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरचे असे कोणते तीन खर्च आहेत, जे यंत्रणेनं काम केलं तर उद्या बंद होतील? ३०० ने गुणा आणि खाली लिहा. कोणता मानपाडा ते पण लिहा.